अकोला रोडची उलटी हवा

घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण पाणी देतो, बसा म्हणतो, चहा ठेवू का विचारतो. तायडे सरांनी मला चपला काढायला लावल्या, भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि कपाटातून एक जाडजूड शब्दकोश काढून तो माझ्या दोन पायांच्या मधून खालून वर सरकवत नेला. जिथे अडायचा तिथे तो अडला.

"हलू नका जी," सर म्हणाले. "श्वास घ्या, पन हलू नका."

आता मी काही लहान पोरगं नाही. बावन्न वर्षांचा माणूस, हायस्कुलात भूगोल शिकवतो, कॉलनीतले लोक मला नमस्कार करतात. दार सताड उघडं. समोरची बाई गॅलरीत पापड वाळत घालत होती, ती हातातला पापड तसाच धरून उभी राहिली. सर मात्र गुडघ्यावर बसून, एक डोळा बारीक करून, शब्दकोश भिंतीशी काटकोनात आहे की नाही ते बघत होते. दोन्ही पाय वेगवेगळे मोजले. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, टेप लावला आणि जाहीर केलं, "एकोनऐंशी. डावा पाय अर्धा सेंटीमीटर कमी हाय. लहानपनी पडले होते काय कुठी?"

पडलो होतो. शेंदूरजनाघाटला, मामाच्या बगीच्यात, संत्र्याच्या झाडावरून. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नव्हती.

त्या भिंतीवर माझ्या आधीच्या वीस-पंचवीस रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे नाव. दातांचे डॉक्टर काळमेघ, चौऱ्याऐंशी. पोस्टमन, ऐंशी. एका रेघेपुढे लिहिलं होतं, 'शेजारच्या पोरीला पाहायला आलेला मुलगा, शहात्तर, सायकल चालवत नाही.' ते लग्न पुढे जमलं नाही असं ऐकतो. त्यात सरांचा हात किती, देव जाणे.

सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला निदेशक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बायको त्याच्या आधीच गेली, मुलगी बंगळुरूला. अमरावतीत हौसेने सायकल चालवणारे आम्ही जे चार-दोन खुळे आहोत, त्या सगळ्यांचे ते गुरू, वैद्य आणि फौजदार. बोलताना त्यांचे दोन शब्द ठरलेले. एक "काहून?", म्हणजे का, आणि दुसरं, "माप काय म्हनते?" साखर वाढली म्हणा, दुधात पाणी आहे म्हणा, ऊन फार आहे म्हणा, सर चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "माप काय म्हनते?" उन्हाचं मापही त्यांच्याकडे असायचं. दाराला थर्मामीटर टांगलेलं होतं.

पायाच्या मापावरून सायकलची उंची ठरते, म्हणून तो शब्दकोश. मी गेलो होतो साखरेपायीच. डॉक्टर म्हणाले होते, चाला नाहीतर सायकल चालवा. चालायचा मला भारी कंटाळा. त्यात काळमेघ डॉक्टरांची रोडबाईक मी पाहिली होती. पातळ, काळी, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, दोन बोटांवर उचलता येईल अशी. माझं मन तिच्यावर बसलं होतं. सरांना तसं सांगितलं तर ते वही उघडून समोर बसले आणि सोयरीक जमवायला बसल्यासारखी माझी चौकशी सुरू केली.

"राह्यता कुठी?"

"तिसऱ्या माळ्यावर."

"लिफ्ट?"

"नाही."

"मंग सायकल ठेवसान कुठी? खाली? खाली तिच्याकडे कोन पाह्यते? बरं, जासान कुठपर्यंत?"

मी छाती काढून म्हणालो, "चिखलदऱ्यापर्यंत!"

"आज इथपर्यंत कशानं आले?"

"ऑटोनं."

"अंतर?"

अंतर अर्धा किलोमीटर होतं. सरांनी ते वहीत लिहिलं. मग शेवटचा प्रश्न. "पंक्चर कोन काढन?" मी म्हणालो, दुकानवाला. त्यांनी वही मिटली. "तुमाले घडीची सायकल पायजे."

घडीची! अहो, घडीची सतरंजी असते, घडीची खुर्ची असते. एवढ्याशा चाकांवर माझ्यासारखा ऐंशी किलोचा माणूस बसला की सर्कशीतलं अस्वल दिसणार. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "हे पाहा, रोडबाईकचा टायर बोटाएवढा. आपल्या रस्त्यावर तिले जपून, लाडीगोडीनं न्या लागते. तुमच्या सोभावात थे बसत नाई. घडीची सायकल तिसऱ्या माळ्यावर पलंगाखाली राह्यते, एस्टीत बसते, गाडीत बसते. लहान चाक खड्ड्यात जरा आपटते, पन उठून चालाले लागते लवकर. तुमाले आता लांब जानं महत्त्वाचं नाई. रोज निंगनं महत्त्वाचं हाय."

शिंग-हँडलाचं स्वप्न तिथेच विझलं. दुकानात सर बरोबर आले. मी रंग बघत होतो, सर मधला सांधा बघत होते. घडीच्या सायकलचा जीव त्या सांध्यात. त्यांनी दहा वेळा घडी घालून दहा वेळा उलगडली, कान लावून प्रत्येक वेळी कडीचा 'कट्' आवाज ऐकला, आणि दुकानदार घामाघूम झाल्यावर म्हणाले, "हिले घेऊ." मला वाटतं, तो दुकानदार त्यांना ओळखून असावा. आम्ही बाहेर पडल्यावर त्याने भर दुपारी शटर ओढलं.

पहिल्याच आठवड्यात मी राजकमल चौकात सिग्नलला थांबलो आणि सायकल खाली बसली. म्हणजे मी उतरलो नव्हतो. ती माझ्यासकट बसली, दमलेल्या म्हशीसारखी. मधली कडी नीट लागली नव्हती. मी डांबरावर, पुढचं चाक माझ्या मांडीजवळ, आणि मागे हॉर्नांचा कल्ला. संत्रीवाल्या बाईने मला उठवलं आणि विचारलं, "काका, हे असंच असते की बिघडलं?" कोपर सोललेलं घेऊन मी तडक सरांकडे गेलो, वाटलं हळद लावतील, दोन शब्द बरे बोलतील.

"कट् आवाज आलता काय?" सरांचा पहिला प्रश्न.

"सर, रक्त येऊन राह्यलं!"

"थे थांबते आपोआप. आवाज आलता काय?"

तेव्हापासून मी सायकल उलगडली की आवाज आल्याशिवाय पाय टाकत नाही. आमची मंजू, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडते, "आला आवाज! जा आता!"

पण माझा खरा अपराध पुढेच होता. एका शनिवारी साखळी कुरकुरायला लागली. सरांनी सांगून ठेवलं होतं, साखळी कोरडी पडली की पुसून तेल द्यायचं, एकेका कडीला एकेक थेंब. कोणतं तेल, हे मला आठवेना. आठवले आमचे आजोबा, वलगावला बैलबंडीच्या आसाला घरचंच तेल घालायचे. मीही घरचंच घेतलं. मंजूचं जवसाचं तेल, घाण्याचं, चांगलं अस्सल. मस्त माखली साखळी. दोन दिवस अशी पळाली की मला आजोबांचा अभिमान वाटला. चौथ्या दिवशी ती चिक्कीसारखी कडक झाली. पायडल मारलं की साखळीची काठी व्हायची.

सरांनी तिला बोट लावलं, वास घेतला आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला म्हणजे प्रकरण गंभीर.

"जवस?"

मी मान हलवली.

"तुमी मास्तर हा ना हो? जवसाचं तेल हवेनं वाळते. सुतार लाकडाले लावते थे, चमक याले. बंडीले एरंडेल राह्यते, एरंडेल! तुमच्या आजानं आयुष्यात कधी जवस घातलं नसन. त्याचं नाव काहून बदनाम करता?"

मग दोन तास रॉकेलच्या डब्यात साखळी बुडवून, ब्रशने एकेक कडी घासून त्यांनी ती मोकळी केली, आणि घासायला मलाच लावलं. जाताना मशीन-तेलाची बाटली हातात दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'स्वयंपाकात वापरू नये.'

सरांचे छंद सांगायला बसलो तर रात्र सरेल. त्यांच्याकडे काट्यांचा संग्रह आहे. टायरमधून निघालेला प्रत्येक काटा गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत आणि बाटलीवर गावाचं नाव. 'वलगाव, बाभूळ.' 'मोर्शी रोड, गोखरू.' पाहुणे आले की बाटल्या उन्हात धरून दाखवणार. मोर्शीचा काटा वलगावपेक्षा खानदानी असतो, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

आणि आऊट! चाक फिरताना जरा डावीकडे, जरा उजवीकडे लचकतं ना, त्याला सायकलवाले आऊट म्हणतात. रिंगमधल्या तारा कुठे सैल, कुठे घट्ट झाल्या की आऊट येतो. सरांना तो बघवत नाही. दुसऱ्याच्या सायकललाही बघवत नाही. वलगाव रोडवर एकदा त्यांनी अनोळखी दूधवाल्याला अडवलं, "थांबा जी, मागचं चाक नाचून राह्यलं," आणि रस्त्याच्या कडेला चाक काढून, खिशातल्या चपट्या चावीने तारा कसून सरळ करून दिलं. तो बिचारा म्हणत होता, दूध नासते सर, दूध नासते. त्यांची स्वतःची सायकल जुन्या स्टीलच्या फ्रेमची रोडबाईक. दोन्ही चाकं त्यांनी तार तार ओवून बांधलेली. चाक फिरत असलं तरी उभं आहे असं वाटावं, इतकं सरळ. काळमेघ डॉक्टर म्हणायचे, एवढी सरळ गोष्ट आमच्या दवाखान्यात एकाही जबड्यात नाही.

दर रविवारी पहाटे सर, डॉक्टर आणि मी असे तिघं निघायचो. वलगाव, मोर्शी रोड, परतवाड्याच्या दिशेने, कुठेही. एका रस्त्याला मात्र सर कधी चाक लावू देत नसत. अकोला रोड. डॉक्टरांची फार इच्छा होती, एकदा अकोल्यापर्यंत मारायचं. मलाही साखर उतरल्यापासून चेव आला होता आणि सासुरवाडी अकोल्याची, घामेजून सासऱ्यांच्या दारात उतरायची हौस होती. पण सरांशिवाय आम्ही दोघं म्हणजे पहिल्या पंक्चरला रस्त्यात बसणार. विषय काढला की सर म्हणायचे, "तिकडं हवा उलटी राह्यते."

"मग येताना तर सुलटी मिळेल?"

"येतानाही उलटी."

"सर, असं कसं? भूगोल माझा विषय आहे."

"भूगोल तुमचा, हवा अकोल्याची," असं म्हणून ते पंपाचं हँडल दाबायला लागायचे.

एकदा घरी चिडून मी मंजूला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "हवा नाई काई. त्यांचा भाऊ राह्यते तिकडं." आणि मग जे सांगितलं ते ऐकून मी तिथेच पाटावर बसलो.

मंजूच्या वडिलांच्या दुकानासमोर अकोल्यात एक सायकलचं दुकान आहे. सुखदेव तायडेंचं. सरांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा या सुखदेवदादांनी सातवीतून शाळा सोडली, पंक्चरं काढली, आणि धाकट्याला आयटीआय शिकवलं. चाकाचा आऊट दादा कानाने काढायचे. तारांवरून नख फिरवायचे, आवाज ऐकायचे, कोणती तार सैल ते सांगायचे. जिल्ह्यात त्यांच्यासारखा चाक बांधणारा नाही, असं लोक म्हणायचे.

चौदा वर्षांपूर्वी सर आपल्या वर्गातली पोरं घेऊन तिथे आले. आयटीआयमध्ये नवीनच काट्याचं गेज आलं होतं, चाकाचा आऊट मोजायचं. दादांनी पोरांसमोर अभिमानाने एक चाक कानाने सरळ केलं. सरांनी त्याला गेज लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, दोन मिलीमीटर आऊट हाय. कानावर इसवास ठेवला की असं होते." पोरं हसली. दादांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय, सर. आता तुमीच काढा." सख्ख्या भावाला 'सर' म्हणाले, 'तुमी' म्हणाले. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही. लग्नात, मयतीत समोर आले तर दादा हात जोडून "नमस्कार सर" म्हणून बाजूला व्हायचे.

"आता दुकान बंद करून राह्यले," मंजू म्हणाली. "गुडघे गेले त्यांचे. उकिडवं बसनं होत नाई. हा महिना संपला की बंद."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझ्या शाळेतल्या शिपायालाही माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेलो, इकडचं तिकडचं बोललो आणि फटकन बोलून गेलो, "सर, सुखदेवदादा दुकान बंद करून राह्यले म्हने. महिनाअखेर."

सर माझ्याच सायकलचे ब्रेक बघत होते. हात थांबला. मला वाटलं आता "काहून?" म्हणतील, मला हाकलतील. मग ब्रेकची तार परत ओढत म्हणाले, "गुडघे?"

"हव."

"डावा आधीचाच खराब होता त्याचा," एवढं म्हणून ते आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी माझी सायकल उचलून घरी आलो. ब्रेक अर्धवटच होते.

महिन्याचा शेवटचा रविवार. पहाटे पाचला आम्ही दोघं वलगावच्या तयारीने त्यांच्या दारात गेलो, तर सर हेल्मेट घालून, पंप बांधून, दोन जास्तीच्या ट्यूब घेऊन उभे. इस्त्रीचा शर्ट. सायकलिंगला इस्त्रीचा शर्ट! म्हणाले, "आज अकोल्याले जाऊ." डॉक्टर आनंदाने ओरडणारच होते, मी त्यांना कोपर मारलं. त्यांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. पोटात राहत नाही म्हणालो ना.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. डॉक्टर पुढे, मी माझ्या छोट्या चाकांवर पायडलांचा पाऊस पाडत मागे, आणि सर माझ्या बाजूला. दर रविवारी ते रस्ताभर बोलतात, गिअर बदला, खांदे सोडा, पाणी प्या. त्या दिवशी एक अक्षर नाही. दोन्हीकडे कपाशी फुटलेली होती. मूर्तिजापूरच्या पुढे ते दोनदा थांबले. एकदा म्हणाले, टायरमध्ये हवा कमी वाटते. हवा बरोबर होती. दुसऱ्यांदा म्हणाले, "राऊतजी, तुमाले थकवा आला असन, वापस फिरू?" मला खरंच थकवा आला होता, जीव घशाशी आला होता, पण मी म्हणालो, "छे! मी तर आत्ता गरम झालो." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी हेडमास्तरांशीही बोललो नाही.

बोरगावला आम्ही चहाला थांबलो. डॉक्टर भजी सांगायला गेले. मी तोंड धुवायला हापशीवर गेलो, आणि परत येताना टपरीच्या मागच्या बाजूने आलो. सर आपल्या सायकलजवळ खाली बसलेले होते. हातात ती चपटी चावी. पुढच्या चाकाची एक तार त्यांनी सैल केली. एक सोडली. पुढची सैल केली. परत एक सोडली. मग चाक फिरवून बघितलं. चाक लचकायला लागलं, चांगलं दिसेल असं. ज्या माणसाला अनोळखी दूधवाल्याचा आऊट सहन होत नव्हता, तो आपलं बांधलेलं चाक आपल्या हाताने वाकडं करत होता. मी मागच्या मागे फिरलो आणि पुन्हा हापशीवर जाऊन तोंड धुतलं.

पुढे अकोल्यापर्यंत ते चाक ब्रेकला घासत होतं, खर्र खर्र खर्र. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमच्या चाकाले आऊट?" सर म्हणाले, "खड्डा लागला मगाशी." मी डॉक्टरांकडे असं बघितलं की त्यांनी आपली सायकल पुढे काढली.

दुकानात फारसं काही उरलं नव्हतं. भिंतीवरचे खिळे मोकळे, ट्यूबा पोत्यात बांधलेल्या. स्टुलावर एक सुकलेले म्हातारे गृहस्थ बसले होते, पाय लांब केलेले, पांढरी दाढी, हात मात्र लोहारासारखे. त्यांनी वर बघितलं. सर उन्हात सायकल धरून उभे राहिले.

"जयभीम दादा."

"जयभीम," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "या सर. बसा."

सरांचं तोंड एवढंसं झालं. मला दादांचा रागच आला, खरं सांगतो. इतक्या दुरून आला माणूस, चौदा वर्षांनी आला, आणि 'या सर'!

"कसं येनं केलं?" दादांनी विचारलं.

"चाकाले आऊट आला, दादा. माझ्यानं निंगत नाई."

डॉक्टरांचा आ झाला. मी त्यांच्या बुटावर पाय दिला.

दादांनी हात पुढे केला. सरांनी चाक काढून दिलं. दादांनी ते चाक धरायच्या जुन्या दुबेळक्यात, फोर्कमध्ये, अडकवलं, एकदा फिरवलं, मग थांबवून डोळे मिटले आणि तारांवरून नख ओढलं. टण, टण, ठस. टण, ठस. परत पहिल्यापासून. परत एकदा. मंजूचे वडील समोरच्या दुकानातून उठून पायरीवर आले होते, तेही तिथेच थबकले.

"काय लागलं होतं?"

"खड्डा."

"खड्ड्यानं एका जागी मार बसते, सर. हे चार तारा हायत. एक सोडून एक. अन चारही सारख्याच सैल, अर्धा अर्धा फेरा." दादांनी डोळे उघडले. "खड्डा काय मोजून फेरा देते?"

सर खाली बघत होते.

"हे हातानं केलं हाय," दादा म्हणाले. "अन ज्यानं केलं, त्याले चाक येते."

तेव्हा सर रडले. एकदम, लहान पोरासारखे, डोक्यावर हेल्मेट, गालावर पट्टा, आणि पट्ट्यावरून पाणी. म्हणाले, "त्या दिवशी चुकलं माझं, दादा. पोरायसमोर मी तुले…" डॉक्टर उगाच पोत्यातल्या ट्यूबा बघायला लागले.

दादा चाकाकडेच बघत होते. मग खरखरीत आवाजात म्हणाले, "टोपी काढ थे डोक्यावरची. टोपी घालून रडून राह्यला. लोकं पाह्यतील, परल्हाद."

सरांनी हेल्मेट काढलं. कुठे ठेवू ते सुचेना, म्हणून माझ्या हातात दिलं.

"बस खाली. चाक धर. मले आता एकट्यानं धरनं होत नाई."

इस्त्रीच्या शर्टासकट सर त्या तेलकट काळ्या जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. दादांनी चावी लावली. पहिली तार कसली, दुसरी कसली, चाक फिरवलं, नख ओढलं.

"आता?"

सरांनी चाकाला कान लावला, डोळे मिटले. "अजून जरासा, दादा."

दादांनी परत चावी फिरवली. "आता?"

"अजून जरासा."

चाक कधीच सरळ झालं होतं. माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तरालाही उभ्या उभ्या दिसत होतं. पण दादा विचारत राहिले आणि सर कान लावून सांगत राहिले, आणि दोघंही थांबायचं नाव घेईनात.